शेवंतीचा उन्हाळा

१. गोधडी कुणाला हवी?

दिवाळीला आणलेली शेवंतीची कुंडी संक्रांतीपर्यंत कशीबशी तग धरते. मग पाकळ्या तपकिरी होतात, पानं खालून वाळत जातात आणि उरतात त्या काड्या. अशा वेळी घरात दोन मतं पडतात. एक म्हणतं, फेकून द्या, पुढच्या वर्षी नवी आणू. दुसरं मोबाइल उघडून बसतं. तिथे सल्ल्यांची रास असते: हिवाळ्यात शेवंतीच्या मुळांवर पाल्याचा जाड थर द्या, कुंडी तळघरात हलवा, गोठवणाऱ्या थंडीपासून जपा.

आता बुलढाणा जिल्ह्यातल्या चिखली-मेहकरच्या घराला तळघर कुठून आणायचं? आणि जानेवारीच्या कोवळ्या उन्हात अंग शेकत बसलेल्या झाडाला गोधडी कशाला?

सल्ला बरोबर आहे, फक्त तो दुसऱ्या गावचा आहे. इंग्लंडमध्ये किंवा कॅनडात जमीन गोठते, आणि गोठलेल्या ओल्या मातीत शेवंतीची मुळं मरतात. म्हणून इंग्रज माळी नोव्हेंबरात झाड वीतभर ठेवून छाटतो, गड्डा उपटून पेटीत भरतो आणि दंव लागणार नाही अशा काचेच्या खोपटात ठेवतो. फेब्रुवारी-मार्चमध्ये त्या गड्ड्याला फुटलेल्या कोंबांतून पुढच्या वर्षीची रोपं होतात. हिवाळाभराची ही सगळी यातायात त्या एका गड्ड्याच्या जिवासाठी.

बुलढाणा जिल्ह्यातही झाडाचा जीव त्या गड्ड्यातच असतो आणि तो जपावाही लागतोच. पण त्याचा वैरी पौषात येत नाही, वैशाखात येतो. शेवंतीला इथे हिवाळा काढायचा नसतो, उन्हाळा काढायचा असतो. एवढं लक्षात घेतलं की परदेशी सल्ल्यातला अर्धा भाग उलटा वाचता येतो: थंडीपासून आडोसा म्हणजे उन्हापासून आडोसा, बर्फावरचा पाला म्हणजे तापल्या मातीवरचं कुटार.

पण गड्डा का जगवायचा आणि तो दिवाळीलाच कसा फुलतो, हे कळायला आधी शेवंतीचा स्वभाव पाहावा लागेल.

२. एका देठावर अख्खं गाव

शेवंतीचं एक फूल म्हणजे एक फूल नव्हे. करडई किंवा सूर्यफुलाचं बोंड फोडून पाहिलेल्या शेतकऱ्याला हे वेगळं सांगायला नको, कारण शेवंती त्याच कुळातली आहे आणि झेंडूही. कडेची प्रत्येक लांब पाकळी हे स्वतंत्र फूल असतं आणि मधली पिवळी टिकली म्हणजे नळीसारख्या बारीक फुलांची दाटी. माणसाने शेकडो वर्षं निवड करत करत कडेची फुलं वाढवली, मधली कमी केली, आणि चेंडूसारखी भरगच्च शेवंती तयार झाली.

हे काम मुख्यतः चीनमध्ये झालं. चौथ्या-पाचव्या शतकातला कवी ताओ युआनमिंग तिथे शेवंतीचा कवी म्हणूनच ओळखला जातो. पुढे जपानच्या सम्राटाच्या राजचिन्हावर सोळा पाकळ्यांची शेवंती बसली. युरोपात ती फार उशिरा पोचली. १७८९ साली फ्रान्समधल्या मार्सेय बंदरात चीनमधून आणलेल्या तीन रोपांपैकी एकच जगलं. त्या एका जांभळ्या रोपाने तिकडे शेवंतीचं वेड सुरू केलं.

इतक्या निवडीतून घडलेल्या झाडाचं बी पेरलं तर काय उगवेल याचा भरवसा नसतो. पिवळीच्या बियातून पांढरी, भरगच्चीच्या बियातून विरळ असं काहीही निघू शकतं. आवडलेली शेवंती जशीच्या तशी पुढच्या वर्षी हवी असेल, तर त्याच झाडाचा तुकडा लावावा लागतो. म्हणून गड्डा महत्त्वाचा. फुलं संपल्यावर त्याच्या बुडाशी, मातीतून जे नवे फुटवे वर येतात त्यांना शेतकरी काश्या म्हणतात. पुढची सगळी शेवंती या काश्यांतूनच येते.

३. रात्रीचा उपवास

शेवंतीला कसं कळतं की आता फुलायचं? थंडी पडली म्हणून, असं बहुतेकांना वाटतं. थंडीची मदत होते, पण इशारा वेगळीकडून येतो.

१९२० साली अमेरिकेच्या कृषी खात्यातल्या गार्नर आणि अॅलार्ड या दोघांनी तंबाखूच्या एका हट्टी जातीचं कोडं सोडवलं. उन्हाळ्यात ही जात नुसती उंच वाढत राही, फुलायचं नाव घेत नसे. त्यांनी काही रोपं रोज दुपारनंतर अंधाऱ्या खोपटात नेऊन ठेवायला सुरुवात केली आणि ती भर उन्हाळ्यात फुलली. झाडं दिवसाची लांबी ओळखतात हे त्यातून पुढे आलं. शेवंतीही याच जातकुळीची, दिवस लहान झाला की फुलणारी.

मग १९३८ मध्ये हॅमनर आणि बॉनर यांनी एका रानटी तणावर प्रयोग करून दाखवलं की झाड खरं तर दिवस मोजत नाही, रात्र मोजतं. तीही सलग रात्र.

यासाठी निर्जळी उपवासाचं उदाहरण चालेल. बारा-तेरा तास काही न घेता काढले तर उपवास घडला. मध्यरात्री उठून एक घोट चहा घेतला तर घोट कितीही लहान असो, उपवास मोडला. शेवंतीचा अंधार असाच असतो. रात्रीच्या मध्यावर थोडा वेळ दिवा लागला, की झाडाच्या लेखी एका मोठ्या रात्रीच्या दोन लहान रात्री होतात. उलट, दिवसा आभाळ भरून अंधारून आलं तर त्याने काही बिघडत नाही. उपवास रात्रीचा आहे, दिवसाचा नाही.

एका जुन्या तक्रारीचं उत्तर यात मिळतं. एकाच दिवशी लावलेल्या दोन कुंड्या, एक परसात आणि एक फाटकाशी. परसातली कार्तिकात भरून फुलते, फाटकाशी असलेली हिरवीगार राहते. खत बदलून पाहतात, माती बदलतात, नजर उतरवायचंही सुचतं कुणाला. डोकं वर करून पाहिलं तर नगरपालिकेचा दिवा रात्रभर त्या कुंडीवर उजेड टाकत असतो. कुंडी दहा पावलं हलवली की पुरतं.

रात्र मोजतं कोण, हा त्यापुढचा प्रश्न, आणि त्याचा शोध थेट शेवंतीवरच लागला. १९३०च्या दशकात सोव्हिएत शास्त्रज्ञ मिखाइल चायलाख्यान यांनी शेवंतीच्या शेंड्याकडची पानं काढून टाकली. मग खालच्या पानांना लांब रात्र दिली आणि शेंड्याला लहान रात्र. झाड फुललं. उलट केलं तेव्हा फुललं नाही. म्हणजे रात्र मोजतात ती पानं, आणि तिथून शेंड्याकडे काहीतरी निरोप जातो. २०१३ मध्ये जपानी संशोधकांनी शेवंतीतच दुसरा, उलटा निरोपही शोधला: रात्र लहान असताना पानं ‘आत्ता फुलू नको’ असं बजावणारं एक प्रथिन शेंड्याकडे पाठवत असतात. रात्र लांबली की ते बजावणं थांबतं.

यावरून एक साधी गोष्ट निघते. भाद्रपद-आश्विनात पानं करपलेली, कीड लागून गळालेली असतील, तर रात्री कितीही लांब होवोत, निरोप पाठवणारं कुणी उरत नाही. फुलं हवी असतील तर पावसाळ्यात पानं सांभाळावी लागतात.

४. दिवाळी चंद्राची, शेवंती सूर्याची

बुलढाण्यात २१ जूनचा दिवस सुमारे १३ तास २० मिनिटांचा असतो आणि डिसेंबरातला सर्वांत लहान दिवस जेमतेम ११ तासांचा. लंडनमध्ये जूनचा दिवस साडेसोळा तासांच्या पुढे जातो. परदेशी पुस्तकांत लिहिलेलं असतं की दिवस साडेचौदा तासांच्या आत आला की शेवंती कळी धरते आणि साडेतेराच्या आत आला की ती कळी वाढते. हा नियम तसाच इकडे आणला तर बुलढाण्याची शेवंती भर जूनमध्ये फुलायला हवी!

ती तशी फुलत नाही, याची कारणं तीन. सूर्योदयाआधी आणि सूर्यास्तानंतरचा वीस-पंचवीस मिनिटांचा संधिप्रकाश झाडाच्या हिशेबात दिवसातच धरला जातो. ही मर्यादा सगळ्या जातींना सारखी नसते. आणि रात्री उकाडा असला की कळी अडते. साधारण सोळा-अठरा अंशांची रात्र शेवंतीला मानवते. तरीही एखाद्या झाडावर मे-जूनमध्ये चुकार कळ्या दिसतातच. त्या खुडून टाकाव्यात. झाडाला तेव्हा फुलायला नव्हे, अंग धरायला सांगायचं असतं.

आता हिशेब. बऱ्याच जातींना रात्री पुरेशा लांब झाल्यापासून फूल उमलायला आठ-नऊ आठवडे लागतात. १ सप्टेंबरला बुलढाण्याचा दिवस सुमारे साडेबारा तासांवर आलेला असतो. समजा, एखाद्या जातीने तिथून मोजायला सुरुवात केली. नऊ आठवडे म्हणजे ६३ दिवस, म्हणजे फूल ३ नोव्हेंबरच्या आसपास. २०२३ मध्ये लक्ष्मीपूजन १२ नोव्हेंबरला होतं, तेव्हा ही शेवंती ऐन भरात असणार. २०२५ मध्ये ते २१ ऑक्टोबरला आलं, तेव्हा त्याच झाडावर मिटल्या कळ्या. झाडाचं काही चुकलेलं नसतं. ते सूर्याच्या वेळापत्रकावर चालतं आणि दिवाळी चंद्राच्या.

ज्यांना तारीख गाठायचीच असते ते झाडाला फसवतात. २१ ऑक्टोबरला फुलं हवीत तर ६३ दिवस मागे, १९ ऑगस्टपासून, संध्याकाळी पाच ते सकाळी आठ झाडांवर काळं कापड टाकायचं, कळ्यांत रंग दिसेपर्यंत. कापड झाडाला चिकटू द्यायचं नाही, आत हवा खेळती हवी, नाहीतर रात्र लांबण्याऐवजी झाड शिजतं. याच्या उलट, सिंदखेडराजाला १२ जानेवारीला जिजाऊ जयंती असते. त्या दिवशी ताजी फुलं हवी असतील तर ६३ दिवस मागचा १० नोव्हेंबर गाठायचा आणि तोवर रोज मध्यरात्रीच्या आगेमागे काही तास बल्ब लावून झाडाचा उपवास मोडत राहायचा. फाटकावरचा जो दिवा घरच्या माळ्याला छळतो, तोच पॉलिहाऊसवाल्याचं हत्यार आहे.

घरच्या दोन कुंड्यांसाठी हे सगळं करावं का? करू नये. मार्गशीर्षातले गुरुवार, जिजाऊ जयंती, शेगावचा माघातला प्रकट दिन अशी या जिल्ह्यात फुलांची निमित्तं दिवाळीनंतरही रांगेत उभी असतात. लवकर फुलणारी एक आणि उशिरा फुलणारी एक अशा दोन जाती ठेवल्या की बहुतेक सण निभतात.

५. घाटावर आणि घाटाखाली

या जिल्ह्यात कुठलं गाव असं विचारलं की पुढचा प्रश्न असतो: घाटावर की घाटाखाली? राजूर घाट चढून बुलढाण्याला आलेल्या माणसाला हवेतला फरक कानाला जाणवतो, आणि शेवंतीला तर मुळापर्यंत.

बुलढाणा शहर समुद्रसपाटीपासून सुमारे साडेसहाशे मीटरवर आहे. मलकापूर, शेगाव त्याच्या चारशे मीटर खाली, पूर्णेच्या खोऱ्यात. शंभर मीटर उंचीमागे हवा साधारण अर्धा-पाऊण अंश थंड होते. म्हणजे घाट चढला की अडीच अंशांची सवलत. आकडा लहान वाटतो, पण ऑक्टोबरच्या उकाड्यात कळी धरायची की थांबायचं हे ठरवताना झाडाला तेवढाही पुरतो. एकच जात घाटाखाली काही दिवस उशिरा फुलली तर नवल नाही.

घाटाखालची खरी अडचण मात्र उन्हाची नाही, पाण्याची आहे. पूर्णेच्या दोन्ही अंगांचा मोठा भाग खारपाणपट्ट्यात येतो. तिथे विहिरीचं पाणी चवीलाच खारट लागतं. समजा, एक लिटर पाण्यात एक ग्रॅम क्षार आहेत. कुंडीला रोज अर्धा लिटर पाणी घातलं, तर रोज अर्धा ग्रॅम क्षार कुंडीत गेले. पाणी उडून जातं, क्षार मागे राहतात. मार्च ते मे या नव्वद दिवसांत ४५ ग्रॅम. म्हणजे एका कुंडीत सावकाशीने दोन-तीन मोठे चमचे मीठ ओतल्यासारखं झालं. कुंडीच्या काठावर पांढरी खपली दिसते, पानांच्या कडा जळतात, आणि माणूस समजतो पाणी कमी पडलं, म्हणून अजून पाणी घालतो.

घरात पाणी शुद्ध करणारं यंत्र असेल तर आणखी एक चूक हमखास होते. त्यातून बाहेर टाकलेलं पाणी वाया जाऊ नये म्हणून झाडांना घातलं जातं. हेतू चांगला, पण यंत्राने गाळून काढलेले सगळे क्षार त्याच पाण्यात असतात. ते फरशी पुसायला वापरावं. शेवंतीसाठी पागोळ्यांचं साठवलेलं पावसाचं पाणी उत्तम. ते नसेल तर पंधरवड्यातून एकदा त्यातल्या त्यात गोडं पाणी कुंडीच्या बुडातून भरपूर वाहून जाईपर्यंत घालावं, म्हणजे साचलेले क्षार धुऊन जातात. बुडाची भोकं त्यासाठी मोकळी हवीत.

घाटावर पाणी बरं, पण कुंडीत नुसती काळी माती भरायची सवय तिथेही आहे. कपाशीला मानवणारी ही माती कुंडीत पावसाळ्यात चिखल होते आणि उन्हाळ्यात वीट. शेवंतीची मुळं उथळ आणि नाजूक. चार दिवस पाणी साचलं की कुजतात. एक भाग माती, एक भाग चांगलं कुजलेलं शेणखत, एक भाग रेती आणि मूठभर निंबोळी पेंड, एवढं पुरे.

६. काड्या कापल्यावर

फुलं उतरली की झाड चार ते सहा बोटं ठेवून छाटायचं. हात धजावत नाही, पण जुन्या काड्या राहिल्या तर झाडाची ताकद त्यांच्यावरच जाते. छाटण्याआधी एक काम: प्रत्येक कुंडीला रंग लिहिलेली चिठ्ठी बांधायची. छाटल्यावर पिवळी, पांढरी आणि जांभळी तंतोतंत सारखी दिसतात. ज्या झाडाला मर लागली होती किंवा ज्याची पानं खुरटलेली, चितकबरी होती ते ठेवू नये. रोग काश्यांतून पुढच्या वर्षी जातो.

फेब्रुवारीत बुडाशी काश्या दिसू लागतात. थंडीत त्या जमिनीला चिकटून, पानांचा बसका झुपका करून राहतात. खुरटल्या वाटतात, पण तो त्यांचा विसावा असतो. खत घालून त्यांना उठवायची घाई करू नये. मुळं धरलेल्या काश्या मार्चच्या सुरुवातीला वेगळ्या करून लहान कुंड्यांत लावता येतात, किंवा आईजवळच ठेवता येतात. घाटाखाली आईजवळ ठेवणं शहाणपणाचं, मोठ्या कुंडीतली माती लहान कुंडीपेक्षा उशिरा तापते.

मग येतात ते तीन महिने. दुपारचं ऊन टाळायचं पण अंधार करायचा नाही, हे सूत्र. घराच्या पूर्वेकडची भिंत किंवा निंबाची विरळ सावली चांगली. पश्चिमेची भिंत सर्वांत वाईट. ती दुपारभर तापते आणि रात्री तो ताप कुंडीला परत करते. मातीची कुंडी झिरपून थंड राहते, काळी प्लास्टिकची भट्टी होते. अंगणात जागा असेल तर कुंडी काठापर्यंत जमिनीत पुरून ठेवावी. जमिनीखाली हातभर खोलीवर मे महिन्यातही माती वरच्यासारखी भाजत नाही, माठ वाळूत ठेवतात त्यातलाच हा प्रकार.

वरून सोयाबीनच्या कुटाराचा दोन बोटं थर. जिल्हाभर सोयाबीन, त्यामुळे कुटाराला तोटा नाही. फक्त ते बुंध्याला टेकू द्यायचं नाही आणि वाळवीवर लक्ष ठेवायचं. पाणी पहाटे, माती बोटाने चाचपून. दुपारी पानं मान टाकतात, तेव्हा धावत जाऊन पाणी घालणारे पुष्कळ झाडं कुजवतात. संध्याकाळी पानं उभी राहिली तर झाड तहानलेलं नव्हतं, फक्त ऊन सोसत होतं. या काळात खत नाही. निपचित पडलेल्या पाहुण्याला कुणी पुरणपोळी वाढत नाही.

मे अखेरीला कुंडीत मुठीएवढा हिरवा झुपका उरला, तरी उन्हाळा जिंकला.

७. शेंडा आणि झेंडावंदन

मृगाच्या सरी आल्या, हवा दमट झाली की त्या झुपक्यातले शेंडे तीन-चार बोटं लांबीचे कापायचे, खालची पानं काढायची आणि ओल्या रेतीत खोचायचे. दोन-तीन आठवड्यांत मुळं फुटतात. नवी रोपं जुन्या गड्ड्यापेक्षा जोमदार फुलतात. जुनं झाड तसंच वाढवलं तर मधून पोकळ आणि बुडाशी लाकडी होतं.

रोप वीतभर व्हायच्या आत त्याचा शेंडा खुडायचा. शेंडा आपल्याखालच्या डोळ्यांना दाबून ठेवत असतो. तो गेला की तीन-चार फांद्या फुटतात. महिन्याभराने त्या फांद्यांचेही शेंडे खुडले की एका काडीची दहा-बारा होतात. थांबायचं कधी, हे लक्षात ठेवायला सोपी तारीख आहे १५ ऑगस्ट. झेंडावंदनानंतर खुडलेला शेंडा म्हणजे खुडलेली कळी. दिवाळी लवकर असेल तर त्याच्याही आधी आठवडाभर थांबावं. चेंडूएवढं एकच फूल हवं असेल तर कळ्या दिसू लागल्यावर काडीवर एकच ठेवून बाकीच्या काढायच्या. हारासाठी, पूजेसाठी मात्र त्या राहू द्याव्यात.

पावसाळ्यात पानांवर काळे-तपकिरी ठिपके येतात, मावा शेंड्यावर बसतो. ठिपक्यांची पानं तोडून लांब टाकावीत, कुंड्यांत अंतर ठेवावं. माव्याला निंबोळी अर्क बहुधा पुरतो. गंमत अशी की कीटकनाशकांचं एक मोठं घराणंच शेवंतीच्या चुलत बहिणीच्या सुकवलेल्या फुलांतून निघालं, डास पळवणाऱ्या अगरबत्तीपर्यंत. खुद्द शेवंतीवर मात्र मावा सुखाने नांदतो.

दुसऱ्या वर्षी एक प्रश्न नेमका येतो: नर्सरीतून आणली तेव्हा ही शेवंती वीतभर होती, घरी दोन फूट कशी झाली? जात बदललेली नसते. विक्रीच्या कुंड्यांना वाढ रोखणारी औषधं दिलेली असतात, म्हणून ती गोल, ठेंगणी दिसते. घरच्या वर्षात औषधाचा असर संपतो आणि झाड आपल्या खऱ्या उंचीला जातं. त्याला तुराटीचा आधार द्यावा, आणि कळ्या धरायच्या सुमारास, म्हणजे सप्टेंबर लागला की, संध्याकाळी एकदा बाहेर जाऊन पाहावं की त्याच्यावर कुठल्या दिव्याचा उजेड पडतो.